लाल फुलीचे प्रकरण

२०१५ सालच्या मार्च महिन्यात, विंडोज ७ आणि विंडोज ८.१ या प्रणालींवर चालणाऱ्या जगभरच्या संगणकांत, नित्याच्या दुरुस्त्यांच्या सोबतीने, केबी ३०३५५८३ या क्रमांकाची एक लहानशी भर येऊन दाखल झाली. तिच्याबरोबरच्या टिपणात तिचे प्रयोजन अशा मोघम शब्दांत नमूद केले होते की, अपडेटविषयक सूचना देण्याची काही अधिक सोय होणार आहे, यापलीकडे सामान्य माणसाला त्यातून काहीही बोध होऊ नये. त्या भरीच्या पोटात ‘गेट विंडोज टेन’ नावाचा एक प्रोग्रॅम दडलेला होता, आणि १ जून रोजी तो जागा झाला. पडद्याच्या तळाशी, घड्याळाशेजारी, विंडोजचे पांढरे बोधचिन्ह उमटले. लवकरच येणारी विंडोज १० ही प्रणाली आपणांस विनामूल्य मिळणार आहे, तरी आपली प्रत आजच राखून ठेवावी, असे निमंत्रण त्यातून उघडू लागले. ज्यांनी ते मागितले नव्हते त्यांनाही ते आले, आणि ज्यांनी नाकारले त्यांना ते पुन्हा आले. तेथपासून २९ जुलै २०१६ पर्यंतच्या चौदा महिन्यांत जे घडले त्याची तारीखवार नोंद ठेवणे मला अगत्याचे वाटते. कारण स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या, स्वतःच्या घरातल्या यंत्रावर अंतिम हुकूम कोणाचा, हा प्रश्न त्या काळात कोट्यवधी सामान्य माणसांसमोर कधी नव्हे इतक्या उघडपणे उभा राहिला.

मायक्रोसॉफ्टची त्या वेळची अडचण ध्यानात घेतल्याशिवाय तिची घाई उमगत नाही. २००१ साली निघालेली विंडोज एक्सपी लोकांच्या इतकी अंगवळणी पडली होती की, ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने तिची देखभाल थांबवली तेव्हाही असंख्य कचेऱ्या, दुकाने आणि छापखाने तिच्यावरच चालत होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने ‘स्टार्ट’चे ओळखीचे बटण काढून टाकले आणि मेजावरच्या संगणकाला बोटांनी चालवायच्या टॅब्लेटचा पेहराव चढवला, लोकांनी पाठ फिरवली, आणि वर्षभराने ते बटण परत आणावे लागले. मधली विंडोज ७ मात्र सर्वांना मानवली होती, आणि हीच तिची मोठी अडचण होती, कारण लोक तिलाही एक्सपीप्रमाणे वर्षानुवर्षे बिलगून राहतील अशी धास्ती कंपनीला वाटत होती. शिवाय धंद्याची मांडणीच पालटत चालली होती: प्रणालीची प्रत एकदा विकून जी रक्कम हाती येते तिच्यापेक्षा, त्या प्रणालीतून चालणारे दुकान, शोधयंत्र, जाहिराती आणि साठवणुकीची सेवा यांतून वर्षानुवर्षे येणारे उत्पन्न अधिक मोलाचे ठरू पाहत होते. २१ जानेवारी २०१५ रोजी पहिले वर्षभर विंडोज १० विनामूल्य देण्याची घोषणा झाली, आणि एप्रिलच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे विंडोज विभागाचे प्रमुख टेरी मायरसन यांनी ती दोन ते तीन वर्षांत शंभर कोटी उपकरणांवर पोहोचेल असे जाहीर केले. असा आकडा एकदा जाहीरनाम्यात आला म्हणजे तो खालच्या प्रत्येक अंमलदाराच्या मानेवर बसतो, आणि माणसांना विचारून जे साधत नाही ते न विचारता साधण्याची वाट मग सुचू लागते.

तशी ही वहिवाट नवी नव्हती. मार्च १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील रिचर्ड स्मिथ या प्रोग्रॅमरने असे दाखवून दिले होते की, विंडोज ९८ ची नोंदणी करताना आपल्या यंत्राची माहिती पाठवू नये असे वापरणाऱ्याने स्पष्ट सांगितले तरी त्या यंत्राला ओळखणारा एक अनन्य क्रमांक कंपनीकडे जातच होता. कंपनीने तो दोष असल्याचे कबूल केले आणि तो काढून टाकण्याचे वचन दिले. २००६ साली प्रत अस्सल आहे की नाही हे तपासणारे एक साधन सुरक्षिततेच्या दुरुस्तीच्या वेषात यंत्रांत शिरले, आणि ते रोज कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधते असे उघडकीस आले. २००७ साली, मला विचारल्याखेरीज काही बसवू नये अशी ताकीद ज्यांनी आपल्या संगणकाला देऊन ठेवली होती, त्यांच्याही संगणकांत अपडेट यंत्रणेच्या स्वतःच्या फायली गुपचूप बदलल्या गेल्या. प्रत्येक वेळी खुलासा झाला, आणि प्रत्येक वेळी बाब लहान असल्याने लोक ती विसरले. या लहान बाबींतूनच पायंडा पडत गेला, असे माझे मत आहे.

विंडोज १० चे प्रकाशन २९ जुलै २०१५ रोजी झाले, आणि त्यानंतरच्या सप्टेंबरात जाणकारांच्या ध्यानी आले की, ज्यांनी प्रत राखून ठेवलीच नव्हती त्यांच्याही संगणकांत नव्या प्रणालीच्या फायली एका लपवलेल्या फोल्डरात उतरवल्या जात आहेत, आणि त्यांचा आकार सहा गिगाबाइटांपर्यंत भरतो आहे. कंपनीचे म्हणणे असे की, पुढेमागे वापरणाऱ्याने होकार दिलाच तर त्याचा खोळंबा होऊ नये म्हणून ही पूर्वतयारी आहे. पश्चिमेकडील शहरांत, जेथे तारेतून अमर्याद इंटरनेट येते, तेथे ही पूर्वतयारी कोणाच्या लक्षात न येणे शक्य होते. परंतु आपल्याकडे तो काळ जिओच्या आगमनापूर्वीचा होता. जिओची सेवा सुरू झाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि तोवर तालुक्याच्या गावी, संगणकाला डोंगल खोचून, महिन्याला एक-दोन गिगाबाइटांच्या पॅकवर ज्यांचा व्यवहार चाले अशा माणसांना सहा गिगाबाइट म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात चिंको नावाच्या अरण्याच्या रक्षणाचे काम करणाऱ्या मंडळींचा अनुभव तर याहून गंभीर. शिकाऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांशी सामना करणाऱ्या पहारेकऱ्यांशी संपर्क राखण्यासाठी ज्या उपग्रहजोडणीचा एकेक बाइट पैसे मोजून घ्यावा लागे, तिच्यावरून त्यांच्या लॅपटॉपाने न मागितलेली विंडोज १० उतरवून घ्यावयास प्रारंभ केल्याची तक्रार जून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली.

ऑक्टोबर २०१५ मध्ये विंडोज ७ च्या काही ग्राहकांना असे आढळले की, ऐच्छिक अपडेटांच्या यादीत विंडोज १० पुढची खूण आधीच केलेली आहे. ती चुकून झाली असा कंपनीचा खुलासा. त्याच महिन्याच्या अखेरीस मायरसन यांनी जाहीर केले की, जी गोष्ट आज ऐच्छिक आहे ती नव्या वर्षाच्या आरंभी ‘शिफारस केलेली’ या वर्गात जाईल, आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी ती गेली. वरवर पाहता हा केवळ वर्गवारीचा बदल. पण ज्यांनी सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आपोआप येऊ द्याव्यात असे, कंपनीच्याच वारंवारच्या सल्ल्यावरून, ठरवून ठेवले होते, त्यांच्या त्या जुन्या संमतीखाली आता अख्खी नवी प्रणाली येऊ लागली. ती बसवण्यापूर्वी एकदा विचारले जाई, हे खरे. तथापि विचारणाऱ्या चौकटीत ‘आत्ता’ आणि ‘आज रात्री’ अशी दोन मोठी बटणे असत, आणि ‘नको’ असे कोठेच नसे. प्रश्न विचारायचा, पण त्याच्या उत्तरांतून नकार वगळायचा, या रीतीने घेतलेल्या संमतीला संमती म्हणता येत नाही, असे मला मनापासून वाटते. ती कबुली ठरते, आणि तीही तगाद्याने काढलेली.

लोकांनी जमेल तसा प्रतिकार केला. केबी ३०३५५८३ ही भर काढून टाकली, लपवली, तरी ती नव्या आवृत्तीत पुन्हा यादीत येई. तेव्हा जॉश मेफिल्ड यांनी ‘जीडब्ल्यूएक्स कंट्रोल पॅनेल’ नावाचे, आणि मार्च २०१६ मध्ये स्टीव्ह गिब्सन यांनी ‘नेव्हर १०’ नावाचे छोटे प्रोग्रॅम तयार करून मोफत वाटले. आपल्याच यंत्राने आपले म्हणणे ऐकावे म्हणून तिसऱ्या कोणी लिहिलेले साधन त्यावर चढवावे लागावे, यातच त्या वर्षाची सारी कैफियत येते. एप्रिलमध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात, डि मॉइन येथील दूरचित्रवाणी केंद्रावर, हवामानाचे निवेदन चालू असताना पावसाच्या नकाशावर हीच चौकट उघडली आणि प्रेक्षकांनी ती पाहिली.

मे महिन्यात मात्र मर्यादा ओलांडली गेली. चौकटीचे स्वरूप पालटले. तीत आता असे लिहिलेले असे की, आपल्या अपडेटविषयक निवडीनुसार हा संगणक अमुक दिवशी अमुक वेळी विंडोज १० वर नेण्यात येईल. मुदत पुढे ढकलण्याची वा बेत रद्द करण्याची वाट मधल्या मजकुरातल्या एका लहान दुव्यात होती. आणि ज्याने ती चौकट, न वाचता किंवा वाचून वैतागून, वरच्या कोपऱ्यातील लाल फुलीवर टिचकी मारून मिटवली, त्याने त्या बेतास मंजुरी दिली असे धरले जाऊ लागले. विंडोज ९५ पासून वीस वर्षे ही फुली प्रत्येक चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात होती, आणि तिचा परिणाम एकच होता: हे मला नको, हे मिटव. ज्यांना इंग्रजी धड वाचता येत नसे असे आपल्याकडचे कितीतरी लोक तेवढ्या एका खुणेच्या आधारावर संगणक निर्भयपणे हाताळीत असत. खुद्द मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमरांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत असा दंडक घातलेला होता की, फुलीचा परिणाम ‘रद्द करा’ या बटणासारखाच असावा, होकाराच्या बटणासारखा कदापि असू नये. अनोळखी चौकट उघडली तर तिच्यातील कोणत्याही बटणास हात न लावता ती फुलीने मिटवावी, हाही संगणकसुरक्षेचा जुना उपदेश होता. ज्याने हा उपदेश प्रामाणिकपणे पाळला तोच या वेळी फसला, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत क्लेशदायक वाटते. शिकवलेली सावधगिरीच शिकणाऱ्याच्या विरुद्ध वापरली गेली.

सकाळी उठून पाहावे तो संगणकाचे रूप पालटलेले, जुना प्रिंटर ओळखेनासा झालेला, हिशेबाचा प्रोग्रॅम उघडेनासा झालेला, अशा तक्रारींचा त्या मे-जूनमध्ये पूर लोटला. बहुतेकांनी ते सोसले. कॅलिफोर्नियातील सॉसालिटो येथे प्रवासी-व्यवस्थेचा छोटा व्यवसाय करणाऱ्या टेरी गोल्डस्टीन या बाईंवर असाच प्रसंग त्याआधीच ओढवला होता, आणि त्यांनी मात्र तो सोसला नाही. त्यांनी न मागितलेली प्रणाली त्यांच्या कामाच्या संगणकावर चढू पाहत असता अर्ध्यावर फसली, यंत्र मंदावले, वारंवार बंद पडू लागले, दिवसच्या दिवस निकामी राहिले. आणि कंपनीच्या मदत-विभागाकडून दाद मिळेना तेव्हा त्यांनी लहान दाव्यांच्या न्यायालयात फिर्याद गुदरली. न्यायालयाने बुडालेली कमाई आणि नव्या यंत्राची किंमत यांपोटी दहा हजार डॉलरांचा हुकूम त्यांच्या बाजूने दिला. कंपनीने अपील केले होते, पण मे २०१६ मध्ये ते मागे घेऊन, चूक मात्र मान्य न करता, रक्कम चुकती केली. कंपनीच्या तिजोरीच्या मानाने ही रक्कम नगण्य. परंतु एका कचेरीतल्या एका यंत्रावरील एका माणसाचा नकार तेथे न्यायासनासमोर रुजू झाला, याचे मोल मी मोठे मानतो.

जूनच्या अखेरीस माघार आली. नव्या चौकटीत निमंत्रण नाकारण्याचा पर्याय प्रथमच ठळक अक्षरांत झळकला आणि फुलीला तिचा जुना परिणाम परत मिळाला; पण तोवर विनामूल्य मुदतीचा जेमतेम एक महिना उरला होता. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीचे विपणनप्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी एका ध्वनिमुलाखतीत मान्य केले की, फुलीचा परिणाम बदलल्यावर आपण मर्यादेबाहेर गेलो हे काही तासांतच कळले होते, परंतु दुरुस्ती लोकांपर्यंत पोहोचावयास दोन आठवडे गेले. शंभर कोटींचा तो आकडा दोन-तीन वर्षांत गाठला जाणार नाही, हेही जुलै २०१६ मध्येच कबूल करावे लागले. तो गाठला गेला मार्च २०२० मध्ये.

विंडोज १० ज्यांनी खुशीने घेतली त्यांनाही लवकरच दुसऱ्या एका नकाराची उणीव भासू लागली. प्रणाली बसवताना ‘एक्सप्रेस’ नावाचा सोपा मार्ग ठळक बटणावर पुढे केलेला असे, आणि तो पत्करला की टंकलेखनाचे नमुने, ठावठिकाणा, जाहिरातींसाठी नेमलेला ओळखक्रमांक अशा कितीतरी बाबींस एकगठ्ठा परवानगी मिळे. यंत्राच्या वापराचा जो वृत्तान्त कंपनीकडे सतत जात राहतो, ज्यास टेलिमेट्री म्हणतात, त्याचे प्रमाण कमी करता येई, पण ‘होम’ आणि ‘प्रो’ या आवृत्त्यांत ते संपूर्ण बंद करण्याची मुभा नव्हती. अगदी खालची पायरी मोठ्या संस्थांना विकल्या जाणाऱ्या ‘एंटरप्राइज’ आणि विद्यालयांच्या आवृत्तीपुरती राखलेली होती. अपडेटांचेही तसेच: मोठ्या कंपनीचा व्यवस्थापक ती महिनोन्‌महिने थांबवू शके, घरातला माणूस नाही. ज्याच्यापाशी वकील, तंत्रज्ञ आणि सौदा करण्याची ताकद आहे त्याला निवडीचा अधिकार, आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्याने मुकाट्याने घ्यावे, ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

फ्रान्सच्या सीएनआयएल या माहिती-संरक्षण आयोगाने एप्रिल ते जून २०१६ या काळात चौकशी करून २० जुलै रोजी कंपनीस जाहीर नोटीस बजावली: कोणते प्रोग्रॅम उतरवले आणि प्रत्येकावर किती वेळ घालवला ही माहिती प्रणालीच्या चालण्यास आवश्यक नाही, ती गोळा करू नये, जाहिरातीचा ओळखक्रमांक विचारल्यावाचून चालू ठेवू नये, चार आकडी पिन कितीही वेळा चुकवून पाहता येतो, त्यास आळा घालावा. तीन महिन्यांची मुदत होती. दुरुस्त्या होऊन प्रकरण २०१७ च्या जूनमध्ये मिटले, तेव्हा खालच्या पायरीवर गोळा होणाऱ्या माहितीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. म्हणजे वगळलेले निम्मे प्रणाली चालवण्यास कधीच आवश्यक नव्हते. ऑक्टोबर २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या आयोगानेही, त्या देशातील चाळीस लाखांहून अधिक उपकरणांच्या संदर्भात, कायद्याचा भंग होत असल्याचा निष्कर्ष काढला, आणि त्यात एक बारीक पण महत्त्वाची बाब नोंदवली: नवी आवृत्ती बसवताना, वापरणाऱ्याने पूर्वी केलेली निवड दर वेळी जपली जात नव्हती. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या ग्राहक-केंद्राने न्यायालयाची वाट धरली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने लेखी हमी दिली की, संमतीवाचून प्रणालीच्या फायली कोणाच्याही यंत्रात उतरवल्या जाणार नाहीत. मोहीम संपून तोवर वर्ष उलटले होते.

कंपनीच्या बाजूने जे बोलले जाते त्यातही तथ्य आहे, आणि ते डावलणे योग्य नव्हे. जुनी, दुरुस्ती न झालेली प्रणाली धोकादायक असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर हाहाकार उडवला, ब्रिटनची रुग्णालये ठप्प केली, तेव्हा बाधित यंत्रांपैकी बहुतांश विंडोज ७ ची होती, आणि जी दुरुस्ती त्यांना वाचवू शकली असती ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. परंतु याच कारणासाठी माझा आक्षेप अधिक तीव्र होतो. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या ज्या वाटेने येतात ती वाट औषधाच्या बाटलीइतकी पवित्र मानली गेली पाहिजे. तिच्यातून एकदा दुसरेच काही पाजले की माणूस पुढच्या वेळी औषधही नाकारतो. त्या वर्षीच्या तगाद्याला कंटाळून कित्येकांनी अपडेटची यंत्रणाच बंद करून टाकली, आणि ती पुन्हा चालू करा असे त्यांना समजावणे हे नंतर फार अवघड झाले.

मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ची घोषणा झाली. संगणकाच्या पडद्याचे चित्र दर काही सेकंदांनी टिपून ठेवायचे, आणि आपण काय पाहिले, काय लिहिले, ते पुढे शोधून द्यायचे, अशी ही सोय नव्या लॅपटॉपांवर आपोआप चालू असणार होती. केव्हिन बोमाँट यांच्यासारख्या सुरक्षा-तज्ज्ञांनी दाखवून दिले की, चित्रांतून वाचून काढलेला सारा मजकूर एका साध्या, सहज वाचता येणाऱ्या दफ्तरात पडून राहतो. यंत्रात शिरकाव करणाऱ्या कोणासही तो उचलून नेता येईल. लोकक्षोभ इतका झाला की, ७ जून रोजी कंपनीने जाहीर केले की, वापरणाऱ्याने स्वतः चालू केल्याखेरीज ही सोय चालू होणार नाही. पुढे ती लांबणीवर पडली, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच अटीवर आली. या खेपेस नकार आधी मोजला गेला, आणि २०१६ च्या अनुभवाने शहाण्या झालेल्या लोकांच्या ओरडीनेच तो मोजला गेला, याविषयी मला शंका वाटत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी खुद्द विंडोज १० ची देखभाल संपली. विंडोज ११ ने घातलेल्या प्रोसेसरच्या आणि टीपीएम २.० या सुरक्षा-चिपच्या अटींत न बसणारी, एरवी सुस्थितीतली असंख्य यंत्रे त्यामुळे वाऱ्यावर पडली. घरच्या वापरासाठी आणखी एक वर्षाच्या दुरुस्त्या देऊ केल्या, पण सशर्त: तीस डॉलर भरावे, किंवा कंपनीच्या बक्षीस-योजनेतले हजार गुण खर्चावे, किंवा आपल्या संगणकाच्या मांडणीची नक्कल कंपनीच्या खात्यात जमा होऊ द्यावी, आणि काहीही पत्करले तरी कंपनीचे खाते उघडणे अनिवार्य. युरोपीय ग्राहक-संघटनांनी हरकत घेतल्यावर सप्टेंबरात युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देशांपुरती नकलेची अट काढण्यात आली, आणि तेथील माणसाला, खाते उघडण्याची अट तेवढी ठेवून, त्या दुरुस्त्या विनामूल्य मिळू लागल्या. पुण्यातला किंवा पणजीतला माणूस त्या क्षेत्राबाहेर आहे, आणि त्याच्या वतीने अशी हरकत अद्याप कोणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. ती आपल्याकडील ग्राहक-पंचायतींनी घ्यावी.